बाबांचा अनोळखी भिडू

आई, तुला वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

बाबांच्या संगणकावर तो युद्धाचा फुकट खेळ मीच ताईला सांगून उतरवून घेतला. दर रविवारी ते ज्या अनोळखी भिडूशी इंटरनेटवरून खेळतात, तो खोट्या नावाने मीच. त्यांना पत्ता नाही.

परवा खेळताना मी लिहून विचारलं, “मुलंबाळं किती?”

“एक मुलगी. मुलगा होता, नालायक निघाला. तुझ्यासारखा हवा होता.”

मी त्यांची सगळी ठाणी जाळली. तर म्हणाले, “शाब्बास पोरा! रविवारी पुन्हा ये.” जन्मात पहिल्यांदा शाब्बास म्हणाले.

मी ते खोटं नाव पुसून टाकलंय. रविवारी ते पडद्यासमोर वाट बघत बसतील. बसू देत. तू काही बोलू नकोस.

तुझा,
धाकटा