नुसतं नापास व्हायचं होतं

डोंबिवली पूर्व,
१५ जून, रविवार

साकेत,

कसा आहेस? लातूरला पाऊस आहे का नुसतंच ऊन? मेसचं जेवण घशाखाली उतरतंय ना? इकडे सगळे मजेत.

आधी एक गुन्हा कबूल करतो. हा खोका मी फोडला. तुझ्या आईने लाडू रसिकाकडे दिलेले, कुरियरला टाकायला. वर बजावलेलं, "साईनाथच्या हातात देऊ नकोस हां." पण रसिका शेवटी माझीच बहीण. तिला क्लासला उशीर होत होता, तिने माझ्याच हातात दिला. मी चिकटपट्टी सोडवली, दोन लाडू खाल्ले आणि त्यांच्या जागी हे पत्र कोंबलं. काय करणार? हॉस्टेलवाल्यांनी तुझा फोन काढून घेतलाय, आणि नसता घेतला तरी तू मला ब्लॉक केलेलं आहेसच.

सुमतीकाकू हल्ली मला बघून तुमचं दार अर्धंच उघडतात. पाचवीपासून त्याच दारातून मी न विचारता आत यायचो. जाऊ दे.

मी सध्या माजिवड्याला मामाच्या टायरच्या दुकानात आहे. पंक्चर काढायला शिकलो. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा आला की तिथे भोक. ट्यूब कसला लोड घेत नाही, लगेच खरं सांगते.

आता फेब्रुवारीचं. तू म्हणशील, परत तेच. हो, परत तेच.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी आपण दोघं कॉलेजच्या लॅबमध्ये घुसलेलो. टेबलावर सहा बाटल्या, सगळ्या पाण्यासारख्या. त्यातल्या दोन निवडून बफर बनवायचा, म्हणजे असं मिश्रण की वरून ॲसिडचे थेंब टाकले तरी इंडिकेटरचा रंग जागचा हलत नाही. एवढं मला पण माहीत होतं, पुढच्यात मी ढ. मला फक्त मजा करायची होती. मी बोललो, सगळीच लेबलं उलटीपालटी करू. तू बोललास, "येडा आहेस का? लगेच कळेल. दोनच बदल. साधं मीठ आणि सोडियम ॲसिटेट."

मी बदलली. तू दार धरलंस. हसून हसून तुला उचकी लागलेली, आठवतंय?

दुसऱ्या दिवशी अख्ख्या बॅचचा पोपट. शिवानीने पुस्तकाप्रमाणे ॲसेटिक ॲसिडमध्ये ॲसिटेट लिहिलेली बाटली ओतली. दोन थेंबांत लालभडक. कधी पहिला नंबर न सोडलेली मुलगी, टेबलाला धरून रडायला लागली. माझं हसू तिथेच संपलं. बावीस जणांत एकाचाच रंग हलला नाही. तुझा. आणि तरी मी गाढव तुझ्यासाठी टाळी वाजवत होतो. वाटलं, आपला भाई नशीबवान.

मग कळलं की मेमो लॅब अटेंडंट विश्रामकाकांना मिळालाय. निष्काळजीपणाने बाटल्या चुकीच्या भरल्या म्हणून. तीस वर्षं शहाडहून येऊन त्या माणसाने आपल्या नळ्या धुतल्या, आणि ३१ मेला रिटायर होणार होते.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी केमिस्ट्रीच्या विनितामॅडमकडे गेलो. तोंड उघडायच्या आत त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. 'साईनाथने लेबले बदलली. मी त्याला अडवण्याचा प्रयत्न केला.'

अडवण्याचा प्रयत्न. अरे, दार धरलेलंस तू.

मी मॅडमना बोललो, "हो, मीच." तुझं नाव घ्यायला जीभ वळवळत होती, पण त्याच्या आधी मॅडमनीच विचारलं, "मीठ आणि ॲसिटेटच का बदललंस? दुसऱ्या कुठल्या का नाहीत?"

मी तुझ्या कागदावरची ओळ परत वाचली.

"हे तुला सुचणं शक्य नाही, साईनाथ. डोकं कोणाचं?"

"माझंच."

"मग उद्या ये. सहा नळ्या ठेवते. त्यातले बफर ओळखलेस तर मी मानीन की तू एकट्याने केलंस. सही कर, विश्रामचा मेमो उद्याच मागे घेतला जाईल. नाही ओळखलेस तर दुसऱ्याचं नाव निघेपर्यंत चौकशी चालू राहील, मेमोही राहील. कितीही महिने."

दुपारी मी काकांच्या बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. बोललो, री-टेस्ट आहे, शिकवा. काकांनी नळ बंद केला, हात पुसले.

"आरं बाला, एकट्याचं काम न्हाय ते. जोरी लागते," म्हणजे जोडी. नरम ॲसिड आणि त्याचंच मीठ, जसं ॲसेटिक आणि ॲसिटेट, जमलं. अमोनिया आणि त्याचं मीठ, जमलं. "आन् तो हायड्रोक्लोरिक, तो दांडगा. तो आपल्या मिठासंगं पन नांदत न्हाय."

शेवटी त्यांनी खरी मेख सांगितली. ॲसेटिकमध्ये कॉस्टिक सोडा बरोबरीने ओतला तर ॲसिड सगळं संपतं, जोडी होत नाही. पण अर्धाच ओतला तर अर्धं ॲसिड उरतं, अर्ध्याचं मीठ होतं. नळीतल्या नळीत जोडी.

साकेत, तिथे बेसिनला टेकून मला कळलं की तू तीच दोन का सांगितलीस. ज्याला माहीत आहे त्याचं एकट्याचंच बरोबर येणार होतं. शिवानी मागे पडणार होती. मला ज्या दिवशी केमिस्ट्री कळली त्याच दिवशी तू कळलास.

दुसऱ्या दिवशी सहा नळ्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी, आत काय आणि किती. मला नुसतं नापास व्हायचं होतं रे! आयुष्यभर जे न सांगता केलं तेच. मॅडमनी उरलेलं स्वतः शोधलं असतं. पाचवी आणि सहावी नळी सारखीच, ॲसेटिक आणि कॉस्टिक. पाचवीत बरोबरीने, सहावीत कॉस्टिक अर्धं. पाचवीलाच बफर बोललो असतो की तू गेला असतास.

पण बेसिनपाशी काका उभे होते. धुतलेलीच नळी परत परत धूत.

सहाच्या सहा बरोबर. मॅडमनी कागद पुढे सरकवला. मी सही केली. मेमो त्याच दिवशी फाडला. मला प्रॅक्टिकलला शून्य. बोर्डात केमिस्ट्री राहिली. पुढच्या आठवड्यात परत बसतोय.

काका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ३१ मेला शाल-नारळ घेऊन निघाले तेव्हा गेटवर थांबले, हातावर पेढा ठेवला, बोलले, "सहाच्या सहा रं?" मी मान हलवली. बस, एवढंच.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. काकांसाठी केलं. रोज स्वतःला हेच सांगतो.

आता एक मागणं. हे वाचून तुला रडू येईल, तुला येतं पटकन. मग रविवारी घरी फोन करायला मिळाला की आईला सगळं ओकशील. नको. आपल्या दोघांपैकी एक चांगला निघाला असं त्यांना वाटतंय, वाटू दे. मॅडमना नको, शिवानीला नको, कोणालाच नको. माझं एक गुपित तुझ्याकडे होतं, ते तू चार दिवस पण ठेवलं नाहीस. हे दुसरं देतोय. पाया पडतो साकेत, हे तरी ठेव.

ज्याच्यासाठी दार धरलेलंस तो,
साईनाथ