दोरीवरचे चार शर्ट

फिनले,

अकरा दिवस बोट आलेली नाही. वारा थांबत नाही आणि माझाही पाय एका जागी ठरत नाही. चूल साफ करते, मेंढ्या बघून येते, पुन्हा चुलीशी येते. बोट नाही म्हणून पेपर नाही, आणि माझा वार चुकला. सकाळी ऊन पडलं तशी सोमवार समजून मी कपडे धुऊन दोरीवर टाकले. तुझे चार शर्टसुद्धा.

आज रविवार निघाला! रविवार देवाचा, कामाला हात लावणं पाप; त्या दिवशी आपल्या बेटावर कुणी रुमालही वाळत घालत नाही.

चर्चला निघालेली तुझी मर्डीनाआत्या कुंपण ओलांडून धावत आली. "अगं, लोक येतील आता! बघत काय बसलीस?" म्हणत तिनेच चिमटे ओढले.

मी म्हटलं, "फिनले कुठल्याही बोटीने येईल, आत्या. शर्ट तयार असलेले बरे."

तिने एक कॉलर उलटून पाहिली. "सप्टेंबरात तुझा नवरा कामाला म्हणून गेला, तेव्हापासून दर सोमवारी हेच चार शर्ट वाळतायत. कुणी न घालता मळतात कसे गं? साऱ्या गावाला कळलंय. तुला लाज वाटेल म्हणून कुणी बोललं नाही, इतकंच."

मग ओल्या शर्टांच्या नीट घड्या घालून ती प्रार्थनेला गेली. रविवारी!

तू पत्ता दिला नाहीस. हे पत्र तुझ्याच शर्टाच्या खिशात घालून पेटीत ठेवते.

उद्या सोमवार. दोरीवर माझे एकटीचे कपडे असतील.

इशबल