नवव्या खंडाच्या पहिल्या वाचनाचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, वजनकाटे आणि मोजमापाची यंत्रे तपासणारी तंत्रज्ञ, हा कागद स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असा लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड फक्त हृदयाच्या एका झडपेत आहे आणि ती परवा, तीन तारखेला, बदलायची आहे.

डॉक्टरांनी तीन किंवा सत्तावीस अशा दोन तारखा दिल्या होत्या. नकाशेवालीच्या कादंबरीमालिकेचा नववा आणि शेवटचा खंड वीस तारखेला येतो आहे. आठव्यानंतर सहा वर्षांनी. आई म्हणाली, "आधी वाचून घे, मग जा." मी तीन तारीख घेतली. शेवटचे पान संपवून ऑपरेशनच्या टेबलावर झोपण्यापेक्षा सगळे पुस्तक बाकी ठेवून झोपावे, असे मला वाटले. याला वैद्यकीय आधार नाही.

१. राहते घर भाड्याचे आहे, त्यामुळे देण्यासारखे नाही. बँकेतली शिल्लक आईला. तिने त्यातून दुकानासाठी नवे कटिंग मशीन घ्यावे. जुन्याचे पाते अर्धा मिलिमीटर डावीकडे जाते, हे मी तिला चार वर्षे सांगत आहे.

२. माझा व्हर्नियर कॅलिपरही आईलाच. पुठ्ठ्याची जाडी तिने यापुढे नखाने मोजू नये.

३. पहिले आठ खंड दादाला. त्यांच्या बांधणीबद्दल इथे लिहून ठेवणे जरूर आहे. आई बाइंडर आहे. घरात प्रत एकच यायची आणि वाचणारे आम्ही तिघे. म्हणून आई नवे पुस्तक आल्याआल्या कव्हर सोडवून त्याचे तीन तुकडे करायची. चिठ्ठी ज्याच्या नावाची, त्याला पहिला तुकडा. तो संपवून पुढच्याला द्यायचा आणि आपण दुसरा घ्यायचा. सगळ्यांचे झाले की आई पुन्हा शिवून टाकायची.

चौथ्या खंडाला चिठ्ठी माझी निघाली आणि आईने घाईत मला शेवटचा तुकडा दिला. तो पान ३०५ पासून सुरू होत होता. तिसरा खंड ३०४ वर संपला होता, हे मला पाठ होते. त्यामुळे पानांचे आकडे मागील खंडावरून पुढे चालू ठेवले आहेत, असा मी निष्कर्ष काढला आणि एकशे चव्वेचाळीस पाने शेवटपर्यंत वाचली. गोष्ट अधूनमधून कळत नव्हती. ते लेखिकेचे धाडस आहे, असे मी दादाला तासभर समजावून सांगितले. तो ऐकत राहिला आणि मग आईच्या टेबलावरचा पहिला तुकडा आणून माझ्यापुढे ठेवला. तेव्हापासून तो मला तीनशेपाच म्हणतो. या नावावरचा माझा आक्षेप मी मागे घेत आहे.

४. दुसरा आक्षेप मागे घेत नाही. आठव्या खंडाच्या वेळी दादा नोकरीच्या गावी होता. त्याने स्वतःची प्रत घेतली, दुपारपर्यंत संपवली आणि मला निरोप पाठवला: "नावाडी मेला गं." मी तेव्हा पान ९० वर होते. त्यानंतर आम्ही कामापुरतेच बोललो आहोत.

नावाडी मेलेला नाही. याची तीन कारणे मी लिहून पाकिटात बंद केली आहेत. नवव्याचे पहिले प्रकरण मासिकात आले, ते मी अकरा वेळा वाचले. त्यात नावाड्याच्या वल्ह्याला दोरी नव्या गाठीने बांधलेली आहे. ती गाठ कोणी मारली? एवढेच इथे लिहिते. पाकीट आईकडे राहील, सगळ्यांचे वाचून झाल्यावर उघडावे. मी बरोबर ठरल्यास दादाने तसे मोठ्याने म्हणावे.

५. नवव्यासाठी चिठ्ठ्या गेल्या महिन्यात टाकल्या. माझी निघाली. पहिल्या वाचनाचा हा हक्क मी दादाला देत आहे.

इथवर लिहून झाले होते. आईने बोलावल्यामुळे दादा आज आला. साक्षीदार एक कमी होता. त्याने पेन उचलले.

"कुठे करू सही?"

"साक्षीदाराला यातून काही मिळत नाही. वकीलबाईंनी बजावलंय. आधी तिसरं आणि पाचवं कलम वाच."

त्याने वाचले. पेन खाली ठेवले.

"मग नाही करत," तो म्हणाला. "आणि पाचव्यातला हक्कही नको. वीस तारखेला पुस्तक आणू. तू घरी येईपर्यंत आई त्याला सुरी लावणार नाही. पहिला तुकडा तू वाचायचा."

"आणि मी आलेच नाही तर?"

"तर नावाड्याचं काय झालं ते आपल्यापैकी कोणालाच कळणार नाही. जन्मभर. म्हणून मुकाट्याने ये, तीनशेपाच."

"तू वाचशील. तुला दम निघत नाही."

"आठव्याला नाही निघाला. एकटं बसून वाचलेलं ते एकच पुस्तक. काही मजा नाही आली गं."

आई म्हणाली, "भांडा खुशाल, पण त्या पुठ्ठ्यावर हात टेकू नका, खळ ओली आहे."

सबब, कलम पाच रद्द. नवव्या खंडाच्या पहिल्या वाचनाचा हक्क मी कोणालाही देत नाही. तो माझ्याकडेच राहील. मृत्युपत्रात अशा कलमाला अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. तरी हे नवे कलम तसेच ठेवावे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: पुस्तकांचे दुकानदार, ज्यांच्या नवव्या खंडाच्या आगाऊ यादीत माझे नाव चौथे आहे (सही)
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, ज्यांनी मालिका वाचलेली नाही आणि म्हणून दादा शेवट फोडेल याला घाबरत नाहीत (सही)

स्थळ: आईच्या दुकानातले कापायचे टेबल
दिनांक: १, पुस्तक यायला एकोणीस दिवस