‘हो’ असल्यास एक

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल लिहिलं की दवाखान्याचा मेसेज आलाच नाही. चूक. आला होता. माझा फोन राखीपासून नवऱ्याकडे, उमेंद्रकडेच आहे, दवाखान्यातही आता त्याचाच नंबर दिलेला. उत्तरही त्यानंच देऊन टाकलं. बाबांनी घरी पाटीवर अक्षरं शिकवली तेव्हाच सांगितलं होतं — चुकलं तर खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून ही.

१३ सप्टेंबर

मेसेज तो जेवताना मोठ्यानं वाचतो. ‘रक्तवाढीची गोळी घेतली का? हो असल्यास १, नाही असल्यास २ पाठवा.’ गोळ्या सासूबाईंच्या पेटीत, कुलपात! गोळीनं लेकरू मोठं होते, मग पोट चिरा लागते — असं त्यांचं म्हणणं. उमेंद्रनं एक पाठवला. “सरकारले कायले नाराज करा?”

सगळे हसले. मीही हसले. का हसले?

२२ सप्टेंबर

आजचा मेसेज — दुपारी डाव्या कुशीवर आराम करा. सासूबाई म्हणाल्या, “मंग निंदाले फोन पाठवतो का?” संध्याकाळपर्यंत धानाच्या बांधीत वाकून तण काढत होते. पाय सुजलेत. घरी आले तर उत्तराचा एक केव्हाच गेला होता.

२३ सप्टेंबर

भात दुसऱ्यांदा मागितला. सासूबाईंनी भाताच्या गंजावर झाकण ठेवलं.

१ ऑक्टोबर

गावच्या आशा कार्यकर्त्या गीताबाई आल्या. सातवा महिना आणि तपासणीत रक्तही सातच. “तुमच्या घरून रोज ‘हो’ येते. मंग रक्त काऊन वाढून नाही राहिलं?”

मी तोंड उघडलं. उमेंद्र आधी बोलला, अगदी मऊ आवाजात — “मी तं रोज हातात देतो, ताई. हीच थुकून टाकत असन.”

गीताबाई मलाच रागावल्या. लेकराची काळजी नाही का, म्हणाल्या. मग त्याला सांगितलं — एकही उत्तर चुकलं नाही म्हणून नऊ तारखेला उपकेंद्रात त्याचा सत्कार आहे. मी शेजारी बसायचं.

४ ऑक्टोबर

सत्कारासाठी सासूबाईंनी पेटीतून हिरवी साडी काढून दिली. “फोटोत तरी धड दिस.” साडीखाली गोळ्यांची पाकिटं. एकही फोडलेलं नाही.

ठरवलं! नऊला, गुरुवारी, सगळ्यांसमोर सांगायचं. वाक्य पाठ करते आहे. ‘गोळी मला कधी मिळालीच नाही.’ एवढंच. तरी अर्ध्यात जीभ अडकते.

६ ऑक्टोबर, सोमवार

काल सकाळपासून बाळ हललं नाही. सासूबाई म्हणाल्या, झोपलं असन.

आत्ता मेसेज आला — बाळाची हालचाल जाणवते का? उमेंद्रनं माझ्याकडे न बघता एक पाठवला आणि शेतावर गेला.

दुरुस्ती — नऊ तारीख नाही. आज, सोमवार, सहा. गीताबाईंच्या घरी निघाले.