अम्मी ओळ टाकायची

प्रिय शहनाझ,

सलाम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून आपल्या मोहल्ल्यातल्या यूनुसच्या हाती हे पत्र देतोय. तो उद्या गावी निघालाय. अम्मीचा चाळिसावासुद्धा झालेला नाही आणि माझा रुहान स्टेजवर गाणार, हे कळल्यावर तू भडकलीस, ते साहजिकच आहे. घरात गमी असताना गाणंबजावणं कसलं, असं मीही त्याला आधी सुनावलं होतं.

पुढच्या शनिवारी इथे देरा भागात कार्यक्रम आहे, या शहरातल्या ब्लूज, सोल आणि हिप-हॉपवाल्यांचा. ही नावं तुला ठाऊक नसतील, मलाही नव्हती. रुहानचं हिप-हॉप मला भांडणाला ठेका लावल्यासारखं वाटायचं. पोरगा कुणाच्या संगतीत आहे ते बघावं म्हणून हमरिया बंदरावरचं काम सुटल्यावर मी सरावाला गेलो आणि तिथेच बसून राहिलो. दिवसभर सलूनमध्ये लोकांचे केस धुणारी एक फिलिपिनो बाई सोल गाते. तिची लेक तिच्या देशात आजीपाशी आहे. ती गायला लागली की खोलीत कुणी हलत नाही. मुहैस्नाहच्या मजूर-कॅम्पातला एक सुदानी वेल्डर गिटारवर ब्लूज म्हणतो. एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि मग तिला उत्तर देतो. मी चमकलोच. आपल्या बायका हळदीला अशाच गायच्या की! अम्मी ओळ टाकायची आणि तू झील धरायचीस. इतकी वर्षं इथे काढली, पण या शहराला गळा आहे हे मला आत्ता कळतंय.

तुला एक सांगायचं राहिलं. अम्मीला दफन करत होते तेव्हा मी शारजाच्या विमानतळावर रांगेत उभा होतो. तिला माती द्यायला मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, तू गळ्यात पडून रडलीस आणि मी कोरडाच. इकडे सगळे म्हणतात, नूरुद्दीनभाई फार खंबीर. कसला खंबीर! मला रडताच येत नव्हतं.

परवा सरावात रुहानने अम्मीचा आवाज लावला. मागच्या ईदला तिने त्याला फोनवर पाठवणीचं गाणं म्हणून पाठवलं होतं. खोलीत एकटीच होती, तरी प्रत्येक ओळीनंतर ती थांबली आहे. तुझ्यासाठी थांबायची सवयच ना तिची! ती थांबते तिथे रुहान अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या आपल्या बोलीत आपलं म्हणतो. दादीबद्दल म्हणतो, अब्बाला देता न आलेल्या मातीबद्दल म्हणतो. मी परक्या माणसांसमोर ढसाढसा रडलो गं. त्या फिलिपिनो बाईने मला पाणी आणून दिलं.

शेवटच्या ओळीनंतरची जागा मात्र त्याने मोकळी ठेवली आहे. अब्बा, दॅट्स फुफीज पार्ट, म्हणाला, म्हणजे ती जागा तुझी. तू हो म्हटल्याशिवाय तो अम्मीचा आवाज कार्यक्रमात लावणार नाही आणि मीही लावू देणार नाही. त्यासाठीच हे लिहितोय. मनाला पटत नसेल तर सरळ नाही म्हण, मी रागावणार नाही. पटलं तर दार लावून घे, तुझी तेवढी एक ओळ फोनवर म्हण आणि पाठव. अम्मी अजून थांबली आहे, शहनाझ.

तुझाच,
नूरुद्दीनभाई