मिस्त्री म्हणालो ती गोष्ट

चंदीगड, सेक्टर ३०
१२ नोव्हेंबर १९७९

प्रिय सुनंदावहिनी,

विश्रामच्या तेराव्याला तुम्ही रडत म्हणालात, "भावजी, त्यांचा गाडीचा नाद मीच सोडवला. रविवारवरून भांडले नसते तर माणूस असा आतल्या आत मिटला नसता." मी "छे हो वहिनी" म्हणालो आणि चहा प्यायलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर बसून अजूनही जमणार नाही, म्हणून लिहितोय.

ती ऑस्टिन गाडी आम्हाला पिंजौरच्या एका बागेत मिळाली, ७१ साली. सीटमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या! मी म्हटलं, भंगार आहे, चल घरी. विश्राम खाली वाकला, इंजिनावरची माती अंगठ्यानं पुसली आणि म्हणाला, अहो, ही चौतीस सालची आहे, हिला असं टाकून जायचं? पुढची तीन वर्षं आमचे सगळे रविवार माझ्या गॅरेजात गेले. मिळत नव्हते ते भाग त्यानं लेथवर कातले, मडगार्ड पत्रा ठोकून घडवले. मी काय केलं? पुस्तकं वाचली आणि पॉलिशपेपर घासला. पेचकसाची मूठ कानाला लावून तो इंजिन ऐकायचा आणि त्याच्याशी चक्क कराडच्या मराठीत बोलायचा.

प्रयोगशाळेत मी शास्त्रज्ञ, तो वर्कशॉपमधला फिटर. तिथं तो मला साहेब म्हणे. गॅरेजात मात्र त्यानंच कायदा केला होता, की इथं दोघंही मिस्त्री आणि अहोजाहो बंद. मी स्क्रूचे आटे घालवले की ओरडायचा, अरे मिस्त्री, हात आहेत का पाय! आयुष्यात मला कुणी इतक्या प्रेमानं शिव्या घातल्या नाहीत, वहिनी.

मग ७४च्या फेब्रुवारीत तलावाकाठी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. आमच्या गाडीभोवती ही गर्दी! पाहुणे म्हणून आलेल्या बड्या अधिकाऱ्यांनी विचारलं, किसने बनाई? माझ्या तोंडून निघून गेलं, मैंने, जी. विश्राम गाडीखाली तेलाची गळती बघत होता, तो तेवढ्यात बाहेर आला, कोपरापर्यंत काळा. और ये? मी म्हटलं, मिस्त्री है जी.

आमचाच शब्द होता. विश्रामनं माझ्याकडे पाहिलं. मी तो कुठल्या अर्थानं वापरला, एवढंच त्याला बघायचं होतं. मी हसलो असतो, त्याच्या खांद्यावर हात टाकला असता, तरी भागलं असतं. पण माझा नवा कोट होता, आणि मी फोटोवाल्याकडे बघत उभा राहिलो. ते अधिकारी म्हणाले, मिस्त्रीजी, ज़रा हटिए, फोटो लेनी है. आणि तो हटला, वहिनी. हात पुसत, अगदी अदबीनं बाजूला झाला.

त्यानंतर तो कधी गॅरेजात आला नाही. आता घरी वेळ द्यायला हवा, असं म्हणाला. मला खरं कारण पक्कं ठाऊक होतं, तरी मी मान डोलावली. माफी मागायला पाच वर्षं होती माझ्याकडे, रोज वर्कशॉपवरून जायचो. उद्या बोलू, उद्या बोलू, म्हणता म्हणता त्याला हॉस्पिटलात नेल्याचीच बातमी आली, आणि तिथून तो परत आला नाही. एवढा शिकलेला मी, पण दोन शब्द सुचले नाहीत. शरम वाटते.

त्यानं तुम्हाला यातलं काही सांगितलं नाही, हे तेराव्याला कळलं. माझी अब्रू त्यानं घरातसुद्धा राखली, आणि मी तुम्हाला त्याच्या फोटोसमोर स्वतःला दोष देऊ दिला. म्हणून हे पत्र. तुमचं भांडण प्रदर्शनानंतरच्या शनिवारी झालं, असं तुम्हीच म्हणालात. गॅरेजची किल्ली त्यानं त्याआधीच, प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. तुम्ही भांडलात तेव्हा सोडण्यासारखं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं, वहिनी.

तुमचा अपराधी,
श्रीनिवास