समतोलापुरती मी

गुरुवार, ३ एप्रिल
आजच्या टीव्ही-चर्चेतही तिघांविरुद्ध मी एकटी. आमच्या वाहिनीवर ह्याला समतोल म्हणतात! कार्यक्रम रेक्स हॅलरनचा, सगळ्यांत उंच खुर्चीही त्याचीच. ब्रेकमध्ये म्हणतो, "नरेल, तू चिडलीस की लोक बघतात. जरा चीड ना!" चिडले. पगार चिडण्याचाच मिळतो.

पण ह्या खेपेला एक मिनिट मागून घेतलं. आमच्या गावचा, करामुंडीचा प्रसूती वॉर्ड ईस्टरनंतर बंद होतोय. माझ्या धाकट्या बहिणीला, केरिनला, आठवा महिना. पुढचा दवाखाना थेट डबो शहरात, गाडीने दीड तास! रेक्स म्हणाला, "पुढच्या गुरुवारी नक्की."

शुक्रवार, ४ एप्रिल
आईचा फोन. (बाई रेक्सची भक्त. रोज चहा घेऊन त्याच्यासमोर बसते.) "अगं, किती मध्ये मध्ये तोंड घालतेस! बिचाऱ्याला बोलू तरी दे."

गुरुवार, १० एप्रिल
मिनिटाला वाटाण्याच्या अक्षता. त्याऐवजी विषय – शाळेत सॉसेज रोलवर, त्या खिम्याच्या पॅटिसवर, बंदी! अशी बंदी कुणी घातलेलीच नाही. तरी तावातावाने भांडलो. मी बंदीच्या बाजूने. निर्माती सोन्या म्हणाली, "कुणीतरी हवं ना त्या बाजूला!" मला सॉसेज रोल आवडतो.

शनिवार, १२ एप्रिल
दुकानात एका बाईने माझ्या टोपलीत सॉसेज रोल टाकला नि खिदळली. कीर्ती पसरतेय!

गुरुवार, १७ एप्रिल
मिळालं मिनिट! चिडले नाही, ओरडले नाही. गावातल्या नर्सनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. रेक्सने शांतपणे ऐकलं, मग कॅमेऱ्याकडे वळला. "मंत्र्यांशी मी स्वतः बोललोय. वॉर्ड चालूच राहणार. सॉसेज रोलवाल्या बाईंचं किती ऐकायचं, तुम्हीच ठरवा!" तिघं हसले. कॅमेरामनसुद्धा.

घरी येते तर आईचा फोन. "छान दिसलीस गं. पण लोकांना उगाच घाबरवू नये."
"आई, खरंच बंद होतोय!"
"तू तसंच म्हणणार, राणी. त्याचेच तर पैसे देतात तुला."
फोन ठेवला आणि रडले. तिचं म्हणणं खोटं कुठे होतं?

बुधवार, ३० एप्रिल
काल केरिनला अचानक कळा आल्या. नवरा खाणीवर, म्हणून गाडी आईने चालवली. केरिन ओरडत राहिली – डबोला चल, डबोला! आईने गाडी गावातल्याच दवाखान्यात घातली. रेक्सने सांगितलं होतं ना!

वॉर्डला कुलूप.

मुलगी झाली, डबोच्या रस्त्यावर, गाडीत. निळी पडली होती. आता काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर काहीच सांगत नाहीत.

आई फोनवर हुंदके देत होती. "एरवी एवढी ओरडतेस, नरेल... त्याच दिवशी का नाही ओरडलीस?"